दारातली ढकलगाडी

मी एक जुनी ढकलगाडी आहे. रंग उडालेला, कडा चेपलेल्या, अंगावर ओरखडेच ओरखडे. पण मित्रांनो, रूपावर जाऊ नका. एके काळी माझ्यावाचून आमच्या कारखान्याचं पान हलत नव्हतं.

माझा जन्म खोपोलीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. मला घडवलं ते अप्पांनी. अप्पा पोशीर गावचे. भाताची कामं उरकली की ते खोपोलीत येऊन लोखंड जोडत. त्यांनी मला लोखंडी सांगाडा दिला, ओझं ठेवायला जाड फळ्या दिल्या, चार चाकं दिली आणि माल मागे घसरू नये म्हणून पाठीला एक उभा पत्रा जोडला. त्या पत्र्याला हिरवा रंग दिला. मग मला दुकानभर दोन चकरा मारून त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा गं बाय, दिल्या घरी सुखी ऱ्हा."

दिलं घर म्हणजे खालापूर तालुक्यातला प्लॅस्टिकचे डबे बनवणारा एक कारखाना. तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये चाळीस-बेचाळीस बाया काम करतात. त्यांनी भरलेली खोकी पुढच्या मोठ्या दारापर्यंत न्यायची, हे माझं काम. आठ वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. बायांनी माझं नाव 'हत्तीण' ठेवलं होतं. दसऱ्याला मशीनच्या बरोबरीनं मलाही झेंडूची माळ मिळायची, आणि खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडायची.

मग एके दिवशी माझं पुढचं एक चाक मोडलं. "उद्या बघू," असं आमचा सुपरवायझर गजाभाऊ म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. नवी गाडी मात्र आली, आणि मला फरफटत शेडच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. माझ्यावर रिकामी खोकी रचली.

त्या कोपऱ्यात एक दार होतं. शेडचं मागचं दार. माल चोरीला जाऊ नये म्हणून त्याला बाहेरून कुलूप असायचं आणि किल्ली ऑफिसात. त्या दाराला टेकून मी चार वर्षं आडवी उभी राहिले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम नाही, धाम नाही, आयती सावली. बसून खायला कुणाला नको असतं?

पण गेल्या वर्षी मार्चमध्ये, भर दुपारी, पुढच्या दाराजवळच्या मशीनमध्ये ठिणगी उडाली आणि खोक्यांनी पेट घेतला. पुढून धूर येऊ लागला तशा मागच्या टेबलांवरच्या बाया माझ्याकडे धावल्या. सगळ्यांत पुढे भागी होती. तिनं खोकी खाली फेकली, मला दोन्ही हातांनी ढकललं, खांदा लावला. "अगं सरक ना गं!" ती ओरडत होती. मला सरकायचं होतं, मित्रांनो. पण मोडकं चाक फरशीत रुतलं होतं. मी तसूभरही हलले नाही. आणि हलले असते तरी पलीकडे कुलूप होतंच.

शेवटी सगळ्या तोंडाला पदर लावून पुढच्याच दारानं बाहेर पळाल्या. भागीची बाही पेटली. मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात भाजला. आग विझली, ऑफिसनं आग विझवायची चार नवी लाल नळकांडी भिंतीवर टांगली, आणि दाराचं कुलूप तसंच राहिलं. खोकी परत माझ्यावर चढली. भागी कामावर आली त्या दिवशी तिचा तो हात पाहून मला माझ्या लोखंडाची लाज वाटली.

बायांनी गजाभाऊला तीनदा सांगितलं, दार मोकळं कर. तीनही वेळा तो म्हणाला, "वर सांगतो." पण वरच्यांना तो घाबरायचा. घरी दोन पोरं शिकत होती, नोकरीची धास्ती त्यालाही होती.

आमचे डबे परदेशात जातात. कारखाना नीट चालतो का, हे पाहायला तिकडची माणसं वर्षातून एकदा येतात. आगीनंतर महिन्याभरानं ती आली. त्यांतल्या एका उंच बाईंनी द्वारकाला विचारलं, कामाच्या जागी काही अडचण आहे का? प्रश्न गजाभाऊनं मराठीत सांगितला. द्वारका म्हणजे कडावची, चाळिशीतली, कुणाला न भिणारी. तिनं माझ्याकडे हात करून दार, कुलूप, आग, भागीचा हात, सगळं घडाघडा सांगितलं. गजाभाऊनं त्याचं इंग्रजी केलं. ते फारच आखूड झालं. बाई गोड हसल्या, माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि पुढे गेल्या.

जेवणाच्या सुट्टीत द्वारकानं आसावरीला गाठलं. आसावरी कर्जतची, शिकलेली, डबे तपासायच्या खोलीत नवीनच लागलेली. ती पाहुण्यांच्या मागेच उभी होती.

"काय म्हनला गं गजाभाऊ? खरं सांग."

आसावरीनं मान खाली घातली. "तो म्हणाला, ही बाई सांगते की कारखाना म्हणजे आमचं घरच आहे. आणि त्या कोपऱ्यात आम्ही दर शुक्रवारी देवाची पूजा करतो."

म्हणजे मला पाहून बाईंनी हात जोडले ते देव समजून! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आनि तू गप ऱ्हायलीस?" शेजारी बसलेल्या भागीनं विचारलं.

"राहिले," आसावरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझी नोकरी सहा महिन्यांच्या करारावरची आहे, भागीताई. बोलायला हवं होतं. नाही बोलले."

द्वारकानं हातातली भाकरी डब्यात ठेवली. मग म्हणाली, "झालं ते झालं. आता आमाला शिकव. पुढल्या साली त्या येतील तवा मदी कुनी नको. आमच्या तोंडानं आमी बोलू."

अशी आमची शाळा सुरू झाली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. दहा मिनिटांत डबा, वीस मिनिटं इंग्रजी. फळा कुठला आणायचा? आसावरीनं आजूबाजूला पाहिलं आणि खडू घेऊन माझ्या पाठीच्या हिरव्या पत्र्यावर लिहू लागली. भोंगा व्हायच्या आत ओल्या फडक्यानं मला पुसून टाकायचं, की कुणाला पत्ता नाही. गजाभाऊला वाटायचं, बायका भिशीचं काहीतरी लिहीत असतील.

शिकणाऱ्या तिघी. द्वारका, भागी आणि चंद्राबाई. चंद्राबाई चौपन्न वर्षांची, घरी तीन म्हशी, शाळा चौथीपर्यंत. व्याकरणाशी तिचं पहिल्या दिवसापासून वाकडं. "आपल्यात क्रियापद कसं शेवटाला गुमान बसतंय," ती करवादायची. "हितं मेलं कर्त्याच्या पदराला धरून का चालतं?"

"मावशी, चालू द्या त्याला," भागी हसून म्हणायची. "लेकरू हाय."

सहा महिने गेले, पावसाळा गेला, तरी चंद्राबाईचं काही जमेना. मग तिनं तोडगा काढला. तीन वाक्यं पाठ करायची, एकेकीनं एक वाटून घ्यायचं, ओझं वाटून घेतो तसं. हे मागचं दार, असं भागीनं सांगायचं. ते कायम बंद असतं, असं चंद्राबाईनं. इथं आग लागली होती, असं द्वारकानं. "झालं की काम! त्ये भूतकाळ नि भविष्यकाळ कशाला पायजे?"

द्वारका ऐकेना. "मावशी, पाठ केलं का तेवढंच येतं. उद्या बाईनं भलतंच इचारलं तर? मला वाक्य करायला शिकायचं हाय." त्यावरून दोघींचं असं काही जुंपलं की दोन दिवस एकीच्या डब्यातली भाजी दुसरीच्या डब्यात गेली नाही. तिसऱ्या दिवशी चंद्राबाईनंच सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली. ठरलं ते असं, की वाक्यं पाठ करायचीच, आणि वर द्वारकानं व्याकरणही शिकायचं. ती शिकली. रोज ती माझ्यासमोर उभी राहायची, ओठ हलवत शब्द जुळवायची, चुकायची, स्वतःवरच चिडायची, पुसून परत लिहायची. एवढ्या मायेनं मला कुणी दसऱ्यालाही पुसलं नव्हतं.

चंद्राबाईनं आणखी एक हट्ट धरला. आल्या पाहुण्याला आधी पाणी विचारायचं, जेवलीस का म्हणून पुसायचं, गाऱ्हाणं मागून. आसावरीनं समजावलं, अशा तपासणीत असं कुणी करत नाही. "तुमच्यात नसतील करत," चंद्राबाई म्हणाली, "आमी करनार." मग पाण्याचंही वाक्य तयार झालं.

या वर्षी एप्रिलमध्ये पाहुणे आले. त्याच उंच बाई. सकाळीच गजाभाऊनं भागीला लांबच्या गोदामात मोजणीला पाठवून दिलं. तिचा हात पाहुण्यांना दिसू नये म्हणून, हे शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. एक वाक्य गेलं! माझी तिन्ही चाकं गारठली.

बाई आमच्या कोपऱ्यात आल्या. चंद्राबाई पदर सावरत पुढे झाली, हातात स्टीलचा पेला. "मॅडम, प्लीज ड्रिंक वॉटर. डिड यू ईट?"

बाई थबकल्या. या कारखान्यात त्यांना आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. त्या खळखळून हसल्या, पाणी प्यायल्या आणि चक्क स्टूल ओढून बसल्या. उभ्या उभ्या पुढे जाणारा पाहुणा असा बसता झाला. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, काही अडचण आहे का? आता चंद्राबाईचं वाक्य. चंद्राबाईनं तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. शब्द फुटेना. दुसरं वाक्यही गेलं.

गजाभाऊनं संधी साधली. "शी सेज, एव्हरीथिंग इज व्हेरी गुड!"

"नो, मॅडम," द्वारका म्हणाली. सगळी शेड ऐकत होती. "शी डिड नॉट से दॅट. प्लीज लिसन टू मी."

आणि ती बोलू लागली. भागीचं वाक्य बोलली, चंद्राबाईचं बोलली, स्वतःचं बोलली. दार, कुलूप, आग. माय फ्रेंड हॅज अ बर्न्ट हँड, असं ती म्हणाली; हे तर माझ्यावर कधीच कुणी लिहिलं नव्हतं! वाक्यामागून वाक्य उभं राहत होतं. बाईंनी वही काढली. मग त्यांनी एक असा प्रश्न विचारला, जो वर्षभरात कुणाच्या डोक्यात आला नव्हता. किल्ली कुणाकडे असते?

द्वारकाचे ओठ हलू लागले, रोज माझ्यासमोर हलायचे तसेच.

"द की इज इन द ऑफिस," ती सावकाश म्हणाली. "द ऑफिस इज फार. मॅडम, फायर डज नॉट वेट."

किल्ली ऑफिसात, ऑफिस लांब, आणि आग काही थांबत नाही. बाईंनी वही मिटली, घड्याळाकडे पाहिलं आणि गजाभाऊला सांगितलं, किल्ली घेऊन या. गजाभाऊ पळाला. तो परत येईपर्यंत अकरा मिनिटं झाली. ती अकरा मिनिटं सगळी शेड माझ्याकडे बघत उभी होती.

तेवढ्यात कुणीतरी भागीला बोलावून आणलं. तिनं काही विचारलं नाही. सरळ आली आणि भाजलेला हात माझ्या दांड्यावर ठेवला. शेजारी द्वारका, मग चंद्राबाई, आसावरी, आणि धापा टाकत गजाभाऊसुद्धा. त्यानं कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही, पण खांदा दिला.

"हं, एकदम!" भागी म्हणाली.

मी हलले. मित्रांनो, मी हलले! मोडक्या चाकानं फरशीवर असा काही कर्कश आवाज केला की परदेशी बाईंनी कान झाकले. माझ्यासाठी तो सनई-चौघडाच होता. गजाभाऊनं वळसा घालून बाहेरचं कुलूप काढलं, दार करकरलं आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्या कोपऱ्यात ऊन आलं. पलीकडे गवताचा माळ, त्यावर चरणाऱ्या दोन म्हशी. सगळ्या बाया टाळ्या वाजवत होत्या. चंद्राबाई त्या म्हशींकडे बघत रडत होती आणि हसत होती.

त्या दारावर आता कुलूप नाही, आतून ढकलली की दार उघडणारी दांडी आहे. दर महिन्याला भोंगा वाजवून सराव होतो, आणि बेचाळीस बाया मिनिटाच्या आत माळावर असतात. चंद्राबाईला आता इंग्रजीची भीड राहिलेली नाही, सरावाला दारात उभी राहून ती "गो, गो, डोन्ट स्टॉप!" असं सगळ्यांवर खेकसते. कुणाचीही नोकरी गेली नाही. आसावरीचा करार वाढला. शाळेत आता अकरा बाया आहेत, आणि मागे, खाली मान घालून, गजाभाऊ. मला नवं चाक मिळालं. दिवसभर मी खोकी वाहते आणि जेवणाच्या सुट्टीत पाठीवर व्याकरण.

मित्रांनो, हे सारं मी माझी फुशारकी म्हणून सांगितलं नाही. आम्हां वस्तूंना कुठं उभं राहायचं ते निवडता येत नाही. तुम्ही ठेवाल तिथं आम्ही राहतो, आणि वाट अडवायला ठेवलंत तर वाटच अडवतो. मोडलं की उद्यावर टाकू नका, आजच दुरुस्त करा. माणसाला काही सांगायचं असेल तर त्याच्या तोंडात त्याचे शब्द येईपर्यंत धीर धरा. आणि एक दिवस माझी चारही चाकं झिजतील, तेव्हा मला खुशाल भंगाराच्या टेंपोत चढवा. मी कुरकुर करणार नाही. फक्त कुणाच्या दारात मला पुन्हा आडवी लावू नका.