चमचा पडला की वाजवायचं

या, बसा. ती खुर्ची जरा डुगडुगते, पण अजून तिनं कुणाला पाडलेलं नाही. एक गोष्ट सांगतो, चहा गार व्हायच्या आत संपेल. एका पियानोवाल्याची.

हा गडी एका मोठ्या हॉटेलात, जेवणाच्या हॉलमध्ये पियानो वाजवायचा. अर्धी हयात तिथंच गेली. वाजवायचा कसा? तर कुणाचं लक्षच जाऊ नये असा! हसू नका, तोच तर त्याचा धंदा. लोक तिथं जेवायला आणि बोलायला येतात. पियानो मध्ये मध्ये करायला लागला की मालक डोळे वटारणार. वेटरांनी त्याचं नावच पाडलं होतं, गुपचूप.

फक्त एका वेळी गुपचूपचा आवाज चढायचा. कुणाच्या हातून काटा पडला, ग्लास फुटला, की हा दोन्ही हातांनी असा दणका द्यायचा की सगळ्यांच्या माना पियानोकडं. ज्याच्या हातून पडलं त्याची अब्रू झाकली जायची आणि वेटर तेवढ्यात काचा गोळा करून पसार. डोळ्यात धूळ गेली की पापणी मिटते ना, तशी त्याच्या बोटांना ती सवयच लागलेली.

मग दिवस फिरले. गिऱ्हाईक आटलं. मालकानं पियानो विकला आणि भिंतीवर स्पीकर टांगला. स्पीकर पगार मागत नाही, चहाही पीत नाही. गुपचूप घरी.

त्याच्या मेव्हण्याचं टायरचं दुकान. तो म्हणाला, "दाजी, सोमवारपासून या की! पंक्चरलाही सूर असतो. फुस्स!"

"तू गप रे," बायको भावावर डाफरली. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "पण अहो, बघा हं."

त्या 'बघा हं'नं गुपचूप आपली बोटं निरखत बसला. ही बोटं एकदा टायरात अडकली की पुन्हा पियानोवर यायची नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच सुमाराला घरी बसलेल्या वाजवणाऱ्यांसाठी एक वर्ग निघाला होता. शिकवायला एक व्हायोलिनवाली बाई. तिचाही वाद्यवृंद बंद पडलेला, त्यामुळं उगाच शहाणपणा नाही. ती म्हणायची, "स्टेज गेलं तर जाऊ दे. जिथं माणसं अडकून बसलीत तिथं जाऊ. आपलं वाजवणं कुणाच्या उपयोगी पडतं ते शोधू."

हे गुपचूपला पटलं. पुढचं मात्र जड गेलं.

"दादा, तुम्ही फार लपता हो. उभे राहा, नाव सांगा, गाणं सांगा, मग वाजवा."

"बाई, कुणी बघायला लागलं की माझी बोटं थिजतात."

"मग आता वितळवायला शिका."

परीक्षेसाठी त्याला मिळाला एक वृद्धाश्रम. दुपारच्या जेवणाला वाजवायचं. तिथली कारभारीण म्हणजे ताई. ताईंना पसंत पडलं तर रोजचं काम, नाहीतर सोमवार आणि फुस्स.

हॉलमध्ये जुना पियानो होता. म्हातारी मंडळी जेवायला बसलेली, पण कुणी कुणाशी बोलेल तर शपथ! कोपऱ्यात, पियानोला खेटून, एक घड्याळवाले आजोबा. जन्मभर बारीक बारीक घड्याळं दुरुस्त केलेले हात, आता पानासारखे थरथरायचे. म्हणून ते कित्येक दिवस खोलीतच दार लावून जेवायचे. आज पाहुणे येणार म्हणून ताईंनी गळ घालून खाली आणलेलं, तर भिंतीकडं तोंड करून बसलेले.

गुपचूप उभा राहिला. घसा खाकरला. नाव सांगितलं, गाणं सांगितलं. झालं! सगळे घास खाली ठेवून शाळेतल्या पोरांसारखे गप्प ऐकायला लागले. सूप गार होतंय, एक आजी पेंगतायत, याची बोटं लाकडाची. मागच्या टेबलावर परीक्षा घ्यायला आलेली व्हायोलिनवाली बाई मान खाली घालून बसलेली. गुपचूपला टायरचा वास यायला लागला.

आणि त्या शांततेत आजोबांच्या हातून चमचा पडला. खण्ण!

सगळ्या माना तिकडं वळणार, तोच गुपचूपच्या दोन्ही हातांनी दणका दिला. धडाड! माना वळल्या त्या पियानोकडं. पेंगणाऱ्या आजी दचकून म्हणाल्या, "काय मेलं लग्न लागलं की काय?"

गुपचूपनं जीभ चावली. मेलो, म्हणाला मनात. हॉटेलची खोड इथं कशाला आणलीस रे गाढवा?

आजोबा मात्र हळूच वळले. पियानोकडं बघितलं, खाली पडलेल्या चमच्याकडं बघितलं. मग शेजारचा दुसरा चमचा उचलला, टेबलाच्या कडेला नेला आणि सोडला.

खण्ण! धडाड!

"अस्सं!" आजोबा म्हणाले. "याची किल्ली इथं आहे होय!"

मग काय विचारता! पलीकडच्या काकांनी वाटी पाडली, आजींनी काठी आपटली. गुपचूप प्रत्येकाला वेगळा दणका देतोय आणि मधल्या वेळात आपलं जुनं, कुणाचं लक्ष जाऊ नये असं वाजवतोय. हसणं सुरू झालं, हसण्यामागून बोलणं. "तुमचा फार जोरात पडला हो." "तुमच्यात दमच नाही!" या गोंधळात आजोबांनी थरथरत्या हातानं अख्खं सूप संपवलं. अर्धं सदऱ्यावर सांडलं, पण बघायला सवड कुणाला?

जेवण उरकल्यावर गुपचूप बाईसमोर जाऊन उभा राहिला. "चुकलो बाई. तुम्ही ऐकवायला सांगितलं होतं, इथं तर कुणी ऐकलंच नाही."

बाईनं डोळे पुसले. ती हसून रडत होती की काय, कळेना. "मी चुकले, दादा. तुमचं लपणंच कामाचं निघालं. उद्याही असंच लपा."

ताई काही बोलायच्या आत आजोबांनी हुकूम सोडला, "हा माणूस येणार असेल तर माझं ताट खालीच मांडा. नाहीतर मी चाललो खोलीत." आता ताईंपुढं इलाज काय राहिला?

टायरच्या दुकानात गुपचूप आता हवा भरायलाच जातो, तेही सायकलमध्ये.

झाली गोष्ट. प्या तो चहा. आणि माझं एवढं ऐका, कुठं जेवायला बसलात आणि कुणाच्या हातून चमचा पडला, तर तिकडं बघू नका. तुम्हाला पियानो येत नाही, ठीक आहे. जरा मोठ्यानं काहीतरी बोला.