उसना गडी

वायरमन उजव्या हाताच्या करंगळीला चिकटपट्टी गुंडाळत होता, तेवढ्यात त्याचा साडू, क्लबचा कप्तान, ड्रेसिंग रूमच्या दारात येऊन उभा राहिला. टॉस अजून व्हायचा होता. पण आपली फलंदाजी आधी येवो की नंतर, सामन्याच्या सकाळी वायरमनची बोटं सगळ्यांच्या आधी बांधून तयार असायची. आधी दोन्ही करंगळ्या, मग डाव्या हाताचं मधलं बोट. ते एकदा चेंडू लागून मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं.

"अरे, ती पट्टी राहू दे," साडू म्हणाला. "त्यांच्याकडे एक गडी कमी आहे."

"मग?"

"मग आपल्यातला एक द्यावा लागेल. आपण बाराजण आहोत."

वर्षातून एकदा हा क्लब शनिवार-रविवार गाठून बाहेरगावी खेळायला जायचा, मिनीबस ठरवून, बायकापोरांसकट. अशा वेळी यजमानांचा एखादा गडी ऐनवेळी गळणं काही नवीन नव्हतं. कुणाची पाठ धरायची, कुणाच्या घरी पाहुणे यायचे. मग पाहुण्या संघाने आपला एक माणूस उसना द्यायचा आणि त्याने दिवसभर समोरच्यांकडून इमानाने खेळायचं, अशी या हौशी मंडळींची रीत. जायचा तो बहुधा सगळ्यात नवा. यंदाचा नवा म्हणजे साडूचा जावई, नुकतंच लग्न झालेला, उंच, हसरा, भेटेल त्याला काका म्हणणारा.

"जावईबापू जातील की," वायरमन म्हणाला.

साडूने एकदा मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नवा जावई रे तो. पहिल्याच खेपेला परक्यांत कसा ढकलू? पोरगी माझं डोकं खाईल. तू काय, कुठेही मिसळतोस. आणि तुला पाठवलं तर आपल्या क्लबचीही शान राहते."

शेवटचं वाक्य वायरमनला आवडलं. त्याने गुंडाळलेली पट्टी सोलून काढली.

दोघांची दोस्ती साडूपणाच्या आधीची. साडू चेंडू टाकायचा, वायरमन स्टंपमागे उभा राहायचा. वायरमनचं लग्न आधी झालं. पुढे मेहुणीसाठी मुलगा बघायची वेळ आली, तेव्हा बँकेतल्या या गोलंदाजाचं नाव त्यानेच पुढे केलं. मुलगा कसा आहे, असं सासऱ्यांनी विचारलं होतं. "सरळ टाकतो," वायरमनने सांगितलं होतं, आणि थोरल्या जावयाला क्रिकेटपलीकडे काही सुचत नाही हे ठाऊक असलेले सासरे पोट धरून हसले होते. लग्न ठरलं ते ठरलंच.

"मग मागे कोण उभं राहणार?"

"बघू. जावई म्हणतो, कॉलेजात थोडंफार केलंय."

वायरमनने स्वतःचे ग्लोव्हज उचलले आणि बाहेर बाकावर बसलेल्या जावयासमोर धरले. "घे. थोडे सैल होतील, पण सवयीचे आहेत. चेंडू सोडत नाहीत."

जावयाचे कान लाल झाले. "आहेत माझ्याकडे, काका," तो म्हणाला आणि त्याने पायाने बॅग जरा आत सरकवली. उघड्या बॅगेत कोरे करकरीत ग्लोव्हज दिसत होते. बारावा गडी म्हणून आलेल्या माणसाने हे कशाला आणावेत, असं वायरमनच्या मनात आलं. पण हल्लीची पोरं घरातलं सगळंच उचलून आणतात, अशी समजूत घालून तो मैदान ओलांडून पलीकडे गेला.

यजमानांचा कप्तान गुरांचा डॉक्टर होता. त्याने दोन्ही हातांनी वायरमनचा हात हलवला आणि त्याला सीमारेषेवर उभं केलं. वायरमनला तिथे करमेना. जन्मभर खेळ नाकासमोर पाहिलेला, आणि आता सगळी माणसं बोटाएवढी दिसत होती. तरी एक हमखास चौकार त्याने आडवं पडून अडवला. उठताना गुडघ्यातून कळ गेली. त्याच्या क्लबच्या बाकावरून एकच गिल्ला झाला, "फितूर! फितूर!" सगळे हसले. त्यानेही हसून हात जोडले.

"छान अडवलात," पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

सीमारेषेला लागून धावफलकाचं टेबल होतं. तिथला माणूस खिळ्यावर आकड्यांच्या पाट्या अडकवत होता. आपण इथले पोस्टमन, असं त्याने आपण होऊन सांगितलं. अंगात इस्त्रीचे पांढरे कपडे आणि पायांत क्रिकेटचे बूट होते.

"तुम्ही खेळत नाही?" वायरमनने विचारलं.

"आज माझ्या जागी तुम्ही."

"पण तुमच्यात एक कमी होता ना?"

"छे हो! आम्ही अकराच्या अकरा आहोत. तुमच्या कप्तानांचा बुधवारी फोन आला होता. म्हणाले, आमचा एक जुना गडी आहे, गुडघे साथ देत नाहीत, त्याच्या जागी नव्या पोराला मागे उभं करायचंय. तुम्हाला एक कमी पडतोय असं सांगा, म्हणजे त्याला..." पोस्टमन बोलता बोलता थांबला. हातातली पाटी त्याने उलटीसुलटी करून पाहिली. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हो, हो," वायरमन म्हणाला. "ठाऊक होतं."

तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. बुधवारी फोन. आणि गुरुवारी संध्याकाळी हाच साडू त्याच्या दुकानात येऊन, बल्बच्या खोक्यावर बसून चहा प्यायला होता. खेळपट्टी कशी असेल, चेंडू किती उसळेल, सगळं बोलून झालं होतं. तोंडावर म्हणाला असता, की बाबा, तुझं वय झालं, तर वायरमन चार दिवस कुढला असता आणि मग स्वतः जाऊन त्या पोराला शिकवलं असतं. पण चहा पिऊन, पाठीवर थाप मारून हे केसाने गळा कापणं. मघाशी जोडलेले आपलेच हात आठवून त्याला लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत बायका झाडाखाली सतरंजी टाकून बसल्या होत्या. वायरमनच्या बायकोने त्याच्यापुढे ताटली सरकवली, आणि मोठ्या बॅगेत हात घालून रुंद काठाची टोपी काढली.

"ही घाला. आणि मानेला थोडं मलम लावा. तिकडे कडेला दिवसभर ऊन लागतं."

त्याने टोपी हातात घेतली. टोपी नवी होती. स्टंपमागे तो कायम छोटी, मळकी टोपी घालायचा, आणि ती दर सोमवारी धुणारी हीच बाई होती. मोठी बॅग तर काल सकाळी घरूनच कुलूप लावून निघाली होती.

"ही कधी घेतलीस?"

"परवा," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. शेजारी बसलेली तिची बहीण मान खाली घालून केळं सोलू लागली.

"तुलाही ठाऊक होतं."

"अहो, ऐका तरी. पलंगावरून उठताना तुम्हाला धरावं लागतं मला. हिने फोन केला, ताई, भाऊजींना कसं सांगायचं म्हणून. मीच म्हटलं, सांगू नका. सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

"विचारून बघायचं होतंस."

तिचे डोळे भरून आले होते. एरवी त्याला ते बघवत नसे, पण आत्ता तो बघत राहिला. मग साडू चहाचे दोन कप घेऊन आला आणि एक कप त्याच्यापुढे धरून म्हणाला, "काय साडूबुवा, परक्यांत रमलात ना?"

"मजेत," वायरमन म्हणाला. त्याने कप घेतला आणि न पिताच सतरंजीवर ठेवला.

यजमानांची फलंदाजी अडखळत सुरू झाली, मध्ये जरा सावरली आणि शेवटी पुन्हा घसरली. वायरमन खेळायला गेला तेव्हा शेवटची जोडी उरली होती आणि अजून एक-दोन चौकार हवे होते. चेंडू साडूच्या हातात होता. जावई स्टंपमागे बसला होता, जरा जास्तच मागे. वायरमनच्या अगदी जिभेवर आलं, की अरे, एक पाऊल पुढे ये, याचा चेंडू खाली राहतो. त्याने ते गिळलं आणि पोस्टमनकडे गार्ड मागितला. खेळायला मिळालं नाही म्हणून पोस्टमन पंचाचा पांढरा कोट चढवून उभा होता.

पहिला चेंडू वायरमनने सोडून दिला. पुढच्यावर बॅट घातली, आणि चेंडू जराशी कड घेऊन मागे गेला. अगदी ओझरता. कानाला कळावं असा नव्हता. नेमकी तेव्हाच मैदानामागच्या रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला. पण तळहाताला कळला. जावयाने तो छान पकडला, अर्धवट उठला, ओरडावं की नाही ते न कळून तसाच राहिला.

साडूचे दोन्ही हात खांद्यापर्यंत वर आले होते आणि तिथेच थांबले होते. इतक्या वर्षांत साडूने उगाच अपील कधी केलं नव्हतं, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान. चेंडू मागे गेला की तो आधी वायरमनकडे बघायचा. वायरमनने डोळे मिटून किंचित मान हलवली की मग ओरडायचा. नाही हलवली तर गुमान परत फिरायचा. माझा खरा पंच स्टंपमागे असतो, असं तो चारचौघांत सांगायचा. वायरमननेही त्याला एकदासुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, अगदी हरताना देखील.

आत्ता साडूने जावयाकडे पाहिलंच नाही. त्याची नजर सवयीने जिथे जायची तिथेच आली. भुवया उंचावून, बॅट हातात धरून उभ्या असलेल्या वायरमनलाच तो विचारत होता, लागला का?

वायरमनने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

साडूचे हात खाली आले.

"मला वाटलं, लागला," जावई मागून म्हणाला. "बाबा, मला खरंच वाटलं..."

"तुला काय वाटतं ते सोड," साडू त्याच्यावर जवळजवळ खेकसला. "तो सांगतोय ना, नाही लागला म्हणून." त्याने जावयाकडून चेंडू मागून घेतला, मांडीवर घासला आणि परत फिरता फिरता खांद्यावरून वायरमनकडे बघून हसला. "बरं झालं बाबा, तू होतास. नाहीतर मी उगाच ओरडलो असतो."

पोस्टमनने तुम्ही तयार आहात का असं विचारलं, तेव्हा वायरमनने हात वर करून जरा थांबायला सांगितलं.