अर्धी खोली

वर्षानुवर्षं नाकदुऱ्या काढून शिंपीमास्तरांनी बायकोला गुडघ्याच्या ऑपरेशनला कसंबसं तयार केलं होतं, आणि आता दवाखान्याच्या बिलिंग काउंटरवर घोडं अडलं होतं.

"तुमच्या विम्यात छोटी खोली बसते," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "छोट्या सगळ्या भरल्यात. तुम्हाला मिळालीय ती दुप्पट भाड्याची, खिडकी आणि सोफावाली. म्हणून कंपनी अर्धंच देणार."

"अर्धं भाडं ना?"

"अर्धं सगळंच. डॉक्टरांची फी, थिएटर, भूल."

"का हो? खोलीत सोफा असला की भूल जास्त द्यावी लागते?"

बाई हसल्या नाहीत. हा प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारत असावं.

उरलेलं अर्धं म्हणजे दुकानातली सगळी मशिनं विकली तरी पुरं पडलं नसतं. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीत आले तर बायको चपला घालून, भिंतीला धरून उभी. कुणीतरी तिला आकडा आधीच सांगितला होता.

"चला घरी," ती म्हणाली. "इतके दिवस ओढला गुडघा, आणखी ओढीन."

एकदा घरी गेली की ही काही परत यायची नाही, हे मास्तर ओळखून होते. रोज सकाळी तिचं ते दबकं "आई गं" ऐकत मशीन चालवायचं आता त्यांच्या जिवावर आलं होतं.

त्यांनी खिशातून टेप काढला आणि खोलीचं माप घेतलं. मग कॉट दाराकडे सरकवली आणि कापडावर खुणा करायच्या खडूने फरशीवर मधोमध सरळ रेघ ओढली.

"खिडकी परत, सोफा परत," त्यांनी काउंटरवर जाऊन जाहीर केलं. "आम्हाला अर्धीच खोली द्या."

बाईंनी कपाळावर हात मारला, पण फोन लावला. कंपनीने मात्र तातडीने एक तपासनीस धाडला. त्याने खोली स्वतः पुन्हा मोजली आणि तो हरखूनच गेला. कंपनीला टोप्या घालणारे त्याने रग्गड पाहिले होते, खिडकी परत करणारा गृहस्थ पहिलाच.

"मंजूर!" तो म्हणाला. "पण पेशंटचं सगळं अंग रेघेच्या आत पाहिजे. बाहेर आलं तर तेवढ्या प्रमाणात कपात. आणि तुम्ही काही विम्यात नाही, तेव्हा तुम्ही पलीकडे."

"बरं, मी सोफ्यावर बसतो."

"सोफा तुम्ही परत केलात ना? उभे राहा."

सोफ्यावर तपासनीस स्वतःच बसला, मांडीवर कॅल्क्युलेटर घेऊन. मास्तर भिंतीशी उभे राहिले, पण मनातून खूश होते. बायकोने चपला काढल्या होत्या, ते काय कमी झालं!

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी भूल उतरू लागली आणि तिला कळा सुरू झाल्या. डोळे मिटलेलेच होते, ओठ कोरडे पडले होते.

"अहो," ती पुटपुटली आणि चाचपडत तिने हात लांब केला. कॉटवरून तो थेट रेघेच्या पलीकडे आला.

"हात!" तपासनीस ओरडला.

ती अर्धवट शुद्धीत होती, तरी तिला ते ऐकू गेलं. तिने झटक्यात हात मागे घेतला आणि चादरीखाली पाठीशी दडपून धरला. "घेतला हो आत," ती कण्हत म्हणाली. "घेतला. लिहू नका."

मास्तरांना स्वतःची, त्या टेपची आणि आपल्या हुशारीची भयंकर लाज वाटली. ते रेघ ओलांडून कॉटपाशी गेले.

"अहो मास्तर, कपात होईल!"

"होऊ द्या. अख्खा माणूस आत आलाय, तसं लिहा." त्यांनी चादरीखालून तिचा हात शोधून बाहेर काढला.

तपासनीसाने भराभर बटणं दाबली. मग मध्येच थांबून चष्म्यावरून पाहिलं.

"एका हाताने धरलाय की दोन्ही?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले.