पुढच्या रांगेतलं टायर

साखरबाईनं कळशी आदळली ती नेमकी पृथ्वीराजच्या पायाशी. तो विहिरीच्या काठावरच्या बागेचा फोटो काढत होता. निम्मं पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांवर गेलं.

"हुंग," ती म्हणाली. "वाकून हुंग की जरा. रबराचा वास मारतोय का न्हाई?"

"काकी, पाणी तळाला गेलं की मारतोच वास."

"गाळाचा वास मला कळत न्हाई व्हय? जल्म गेला ह्या हिरीवर. ह्यो तुझ्या टायरांचा वास हाय."

पृथ्वीराज म्हणजे आमचा उपसरपंच. निवडून आल्या आल्या त्याच्या डोक्यात सुशोभीकरण शिरलं. न्हावऱ्याच्या अलीकडं आमची वस्ती, सगळ्या उंबऱ्यांना पिण्याला ही एकच विहीर. त्यानं कारेगावच्या रस्त्यावरून ट्रकची टाकून दिलेली टायरं टेंपो भरून आणली, पिवळी-तांबडी रंगवली, विहिरीभोवती मांडली आणि माती भरून रोपं लावली. तेवढ्यावर थांबलं असतं, तर बरं झालं असतं.

पण आमच्याकडं हल्ली माणूस गेलं की रक्षा नदीत सोडत नाहीत. खड्ड्यात घालून वर झाड लावतात. चांगली रीत आहे, नदी साफ राहते. कुणीतरी आपल्या म्हाताऱ्याची रक्षा खड्ड्याऐवजी टायरात घातली, वर पांढऱ्या रंगानं 'यांच्या स्मरणार्थ' लिहून घेतलं, आणि मग जो तो तेच करू लागला. विहिरीच्या कडेची पुढची रांग मानाची ठरली. वस्तीत कुणी गेलं की लोक रडायच्या आधी पुढं जागा आहे का ते बघायला लागले. आमच्या घरातलं अजून कुणी टायरात गेलेलं नाही, म्हणून मला बोलायला तोंड आहे.

उन्हानं टायरं तडकली. रोज घातलेलं पाणी त्यांच्या खालून काळपट होऊन उतारानं विहिरीत जायला लागलं. साखरबाईची लेक स्नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाआधी ती कंपनीत कामाला होती. पाण्यावरचा तेलकट तवंग बघून तिनं आईला सांगितलं, "आई, आमच्या कंपनीत जुनं टायर उघड्यावर ठेवू देत नव्हते. त्यातलं जस्त, तेल, काय काय पावसापाण्यानं झिरपतं. आन् हितं आपण तेच पितोय."

तेव्हापासून साखरबाईला झोप नाही. तिनं वस्तीला विहिरीवर गोळा केलं.

"टायरं तेवढी काढू. झाडं ज्याच्या त्याच्या रानात लावू. माझी पोरगी पोटुशी हाय रं, तिला ह्येच पाजू का?"

"वहिनी," वस्तीतला सर्जेराव म्हणाला, "आमच्या आप्पांचं नाव हाय त्याच्यावर. आप्पांना उपटायचं का आता?"

"आप्पा कुठलं त्यात? रबर हाय नुसतं!"

"मग आधी तुमचं काढा की."

साखरबाईचा नवरा हनुमंत दोन वर्षांमागं गेला. त्याचा आंबा पुढच्या रांगेत होता. त्याला पाणी घातल्याशिवाय तिच्या तोंडात चहा जात नसे. सर्जेरावाला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तो बोलला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहार घेऊन आली. मी हात लावला. आंबा मुळासकट निघाला. माती तिनं ओंजळीनं घमेल्यात भरली, एक ढेकूळ मागं ठेवलं नाही. डोळ्यांतून धार लागलेली.

"चला," ती घमेल्याला म्हणाली, "आपल्या बांधावर चला. तुमच्यापायी लेकीला घाण पाणी प्यावं लागतंय, ते तुम्हाला तरी बरं वाटंल का?"

टायर आम्ही ढकलत नेऊन तिच्या पत्र्याखाली ठेवलं. आता एकेक जण येईल, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. कुणी आलं नाही.

आठवडा झाला नसेल, तोच सर्जेरावाची आई गेली. सावडायच्या दिवशी त्यानं नवंकोरं रंगवलेलं टायर आणलं आणि साखरबाईनं मोकळ्या केलेल्या जागेत मांडलं.

"वहिनी, लई उपकार झालं तुमचं," त्यानं हात जोडले. "पुढं जागाच नव्हती बघा."

साखरबाईचं तोंड पांढरं पडलं. ती वळली, विहिरीतून कळशी शेंदली आणि रोपापुढं उभी राहिली. "घ्या. घाला पाणी."

सर्जेरावाची बायको सुवर्णा चटकन आडवी आली. "ते नको, जाऊबाई. आमच्या सासूबाईंच्या झाडाला हिरीचं नको. वास येतो त्याला."

न्हावऱ्याहून विकतच्या पाण्याचा जार आणला होता. त्याचं बूच तिनं काढलं.

"झाडाला चालत न्हाई," साखरबाई म्हणाली, "आन् माझ्या लेकीला चालतंय व्हय गं?"

"काकी, आजच्या दिवशी नको," पृथ्वीराज हळूच म्हणाला. "दुःखाचं घर हाय."

मग एकेकानं पुढं होऊन जारातलं पाणी रोपाला घातलं. पृथ्वीराजनंही घातलं. ते मातीत मुरलं, टायराखालून काळं होऊन निघालं आणि उतारानं विहिरीत गेलं.