तीनावर तीन

लतिकावहिनींचं पत्र चौदा महिने माझ्या शब्दकोशात होतं. एकच पान, निळ्या शाईतलं. मी ते इतक्या वेळा उघडलं की घडीवरच्या ओळीतली अक्षरं पुसट झाली. उत्तर मात्र दिलं नाही.

"भावजी, फोनवर तुम्ही बोलत नाही, म्हणून लिहिते," अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं की धवल अजून बाबांवर रागावलेला आहे. विषय निघाला की ताट घेऊन उठतो. त्याचं म्हणणं, या वयात बाबांनी हायवेवर क्रूझ लावली आणि गाडीच्या भरवशावर डुलकी काढली. टायरची हवा तरी बघितली होती का, असं तो विचारतो आणि वहिनींना काही सांगता येत नाही. शेवटी लिहिलं होतं, "त्या दिवशी सकाळी तुम्ही बरोबर होतात. ह्यांनी हवा भरून घेतली होती ना? एवढंच कळवा."

एका शब्दाचं उत्तर होतं. 'हो' लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. अशी उत्तरं मी तीन-चारदा लिहिली आणि फाडली.

वहिनींचा नवरा उपेंद्र माझा शाळेपासूनचा मित्र. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात त्याची छत्तीस वर्षं गेली. दुसऱ्यानं तपासलेलं तो पुन्हा तपासायचा, स्वतः तपासलेलं दोनदा. लतिकावहिनी म्हणायच्या, आमच्याकडे दाराला कडी लागते आणि मग ती लागली की नाही हे बघायला माणूस जिन्यातून परत येतो. माझं आयुष्य वाचनालयात गेलं. हळू बोलायची मला इतकी सवय की रिक्षावाल्यालाही पत्ता दोनदा सांगावा लागतो. उपेंद्र मला नावानं कधी हाक मारत नसे. ग्रंथपाल म्हणे.

डावा गुडघा क्लच दाबू देईना, तेव्हा त्यानं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिचं माहितीपुस्तक इंग्रजीत, चारशे पानांचं. ते आम्ही दोघांनी त्याच्या गॅलरीत बसून महिनाभर वाचलं. मी वाचून मराठीत सांगायचो, तो वहीत टिपून घ्यायचा. मला गाडी चालवता येत नाही, पण क्रूझ कशी लावायची हे मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. हवा तो वेग आला की स्टिअरिंगवरचं बटण दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी तो वेग धरून ठेवते. ब्रेकला पाय लागला की सोडते.

"ग्रंथपाल, ही तुझ्यासारखी आहे," तो म्हणाला होता. "एकदा चाल ठरली की कुणी मागून हॉर्न मारला तरी बदलत नाही."

पण त्यानं क्रूझ चैन म्हणून कधी वापरली नाही. पावसात नाही, घाटात नाही, ट्रकांच्या रांगेत नाही. सरळ, मोकळा रस्ता असेल तरच, तीही ऐंशीवर. पाय ब्रेकपाशी ठेवूनच बसायचा. हवेचं तर त्याला व्रतच होतं. दर दुसऱ्या शनिवारी, टायर तापायच्या आत, सकाळी सातला आम्ही आडगाव नाक्याकडच्या पंपावर जायचो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा कागद चिकटवलेला होता, त्यावर तेहतीस हा आकडा होता. मशीननं भरून झाली की उपेंद्र खिशातून पेनासारखा हवामापक काढायचा आणि चारही चाकं स्वतः मोजायचा. मग चहा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला तो शनिवार. त्याला नंतर चांदवडला चुलतभावाच्या नातवाच्या मुंजीला जायचं होतं. मला 'चल' म्हणाला. अनोळखी माणसांत जेवायला बसायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी नाही म्हटलं. पंपावर पोचलो आणि त्याला बाथरूमला जावं लागलं. या वयात ते वरचेवर लागतं.

"उभा राहा जरा," तो म्हणाला. "तेहतीस सांग. चारही चाकांना."

हवेच्या मशीनवर नवसाबाई असायच्या. पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं. मागे दोन रिक्षा आणि एक टेम्पो उभा होता, टेम्पोचं इंजिन चालूच होतं.

"तेवीस ना, बाबा?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी काय विचारलं ते मला नीट ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं नाही की मी मान हलवतो. लोकांना पुन्हा बोलायला लावायचा मला संकोच वाटतो.

पहिल्या चाकाला नळी लावली आणि फुस्स असा आवाज येत राहिला. हवा भरायला आलो आणि ही तर सुटतेय, असं मनात आलं. मग वाटलं, मशीन आधी सोडत असेल, मग भरत असेल. आपल्याला काय कळतं. चौथ्या चाकाच्या वेळी मी मशीनसमोर उभा होतो. काचेवर लाल आकडे होते. दोन आणि तीन. मी चष्मा पुसून पुन्हा बघायला गेलो, तेवढ्यात मशीन वाजलं, नवसाबाईंनी नळी काढली आणि टेम्पोवाला म्हणाला, "आजोबा, आवरा."

उपेंद्र रुमालानं हात पुसत आला. "भरली?"

"भरली."

"तेहतीस ना?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आकडा चुकीचा दिसला असेल असं वाटलं, पुन्हा रांगेत थांबायचं, त्या बाईंना चूक सांगायची, टेम्पोवाल्याचं ऐकायचं, हे सगळं एकदम अंगावर आलं. त्यानं हवामापक खिशातून काढलाही होता. मागच्या रांगेकडे पाहिलं आणि तो माझ्या हातात दिला. म्हणाला, "जाऊ दे. तू उभा होतास ना, मग झालं."

छत्तीस वर्षं कुणाच्या तपासणीवर विश्वास न ठेवलेला माणूस.

गाडीत बसल्यावर सांगू, असं ठरवलं. गाडीत तो मुंजीतल्या जेवणाबद्दल बोलत होता. माझं घर आलं. मी उतरलो, हात केला. वर आल्यावर कळलं की हवामापक माझ्याच खिशात राहिला. फोन करावा असं वाटलं. तो गाडी चालवत असेल, म्हणून केला नाही.

चांदवडच्या अलीकडे, अकराच्या सुमाराला मागचा टायर फुटला. गाडी दुभाजकावर गेली.

टायर जुना होता असं कुणी म्हणालं. ऊन फार होतं असंही म्हणाले. असेल. मी तज्ज्ञ नाही. पण माहितीपुस्तकातलं एक वाक्य मीच त्याला वाचून दाखवलं होतं, की हवा कमी असेल तर चाक जड होतं आणि तापतं. ज्याचा पाय पॅडलवर आहे त्याला ते जाणवतं, नेहमीपेक्षा जास्त दाबावं लागतं. क्रूझवर मात्र गाडी तेवढा जोर आपणच वाढवते. वेगाचा काटा ऐंशीवरून हलत नाही, आणि आत बसलेल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

तेराव्याला मी एका कोपऱ्यात बसलो. धवल पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुम्ही तरी त्यांना सांगायचं होतं." त्याला म्हणायचं होतं, क्रूझ लावू नका असं. मी मान हलवली. महिनाभरानं तो आईला चिंचवडला घेऊन गेला आणि तिथून ते पत्र आलं.

परवाच्या रविवारी आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या निकितानं बेल वाजवली. तिनं नवी ऑटोमॅटिक घेतली आहे. सासूबाईंना वणीला न्यायचं होतं. म्हणाली, काका, तुम्हाला गाडीतलं कळतं म्हणे, मला जरा हवेचं दाखवा ना. कळत नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर तिनं माझ्या चपला पुढे करून ठेवल्या होत्या.

तोच पंप. त्याच नवसाबाई. निकिताला फोन आला आणि ती गाडीतूनच म्हणाली, काका, तेवढं बघाल?

"किती, बाबा?" नवसाबाईंनी विचारलं.

मी निकिताचं दार उघडलं आणि चौकटीवरच्या कागदावर बोट ठेवलं. त्यांनी वाकून आकडा पाहिला आणि हसल्या.

"ब्येस केलं. तेवीस का तेहतीस, लय घोळ व्हतो. मी इचारते, तं लोकं नुसती मान हलवत्यात. मला काय म्हाईत, खरं ऐकलं का नाय."

सांगून टाकावं असं वाटलं. मग त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. नळीचं टोक चाकाला लावताना त्या दुसऱ्या तळव्यानं टायरला आधार देत होत्या, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. त्यांनी विचारलं होतं. विचारायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी केलं होतं. माझा भार हलका करायला त्यांना का तो द्यायचा? मी चारही वेळा मशीनसमोर उभा राहिलो आणि आकडा वाचला.

घरी येऊन लिहायला बसलो. या वेळी फाडलं नाही.

"वहिनी, उपेंद्र विसरला नव्हता. त्यानं मला तेहतीस सांगायला सांगितलं. मी हळू बोललो. तेवीस भरली गेली. मी आकडा पाहिला होता. त्यानं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. नेहमी तो स्वतः मोजत असे, त्या दिवशी माझ्या शब्दावर विसंबून मोजली नाही. तो झोपला होता की नव्हता हे मी पाहिलेलं नाही, पण क्रूझ लावून पाय ब्रेकपासून दूर नेताना मी त्याला कधी पाहिलं नाही. चाक जड झाल्याचं त्याला कळायला मार्ग नव्हता. धवलला हे वाचायला द्या. त्याला रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवू दे. सोबत उपेंद्रची वस्तू पाठवतो आहे. ती माझ्याकडे राहायला नको होती."

आज सकाळी पंचवटीच्या पोस्टात गेलो. खिडकीवरच्या मुलीनं पाकीट वजनाला ठेवलं, आत काय आहे ते विचारलं. हवा मोजायचं, म्हणालो. तिनं पत्ता टाइप केला आणि पिनकोडशी थांबली. माझे तीन अलीकडे दोनासारखे येतात.

"चार एक एक शून्य तेवीस ना, काका?"

मान हलायला लागली होती. ती मी थांबवली.

"तेहतीस."

"काय?"

"तेहतीस. तीनावर तीन."

रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं. मुलगी हसली. "कळलं हो काका, ओरडू नका."

मी खिडकीच्या गजांशी वाकलो आणि पडद्यावरचे आकडे वाचले. दोन्ही तीन होते. तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. हवामापक पोत्याच्या तळाशी जाऊन वाजला.

पावती खिशात ठेवली. इतके महिने रोज बाळगलेल्या हवामापकाच्या वजनानं शर्टाचा खिसा खाली ओढला गेला होता, तो तसाच लोंबत राहिला.