गुलाबी ताईचा अहवाल

माझ्या अहवालावर दवाखान्यातल्या चार खाटा अवलंबून होत्या. परदेशी मदतीवर चालणाऱ्या आमच्या संस्थेने वस्तीतल्या प्रत्येक नळाशेजारी क्लोरीनची टाकी बसवली होती. हंडा भरायचा, खटका दाबायचा, मापात औषध पडायचं. घराघरांतलं पाणी शुद्ध झालं असं मी सिद्ध केलं, की जुलाबाच्या मुलांसाठीच्या त्या चार खाटा सलाइनसकट दुसरीकडे हलवायच्या, असं देणगीदारांनी ठरवलं होतं. रोग गेला, तर खाट कशाला? हा सरळपणा मला फार आवडला. मी रसायनशास्त्राची, मला सरळ गोष्टी आवडतात.

शास्त्रीय शिस्त म्हणून मी दर मंगळवारी बरोबर दहाला वस्तीत पोहोचायची. घर क्रमांक एकपासून साठपर्यंत, त्याच क्रमाने. प्रत्येक घरी एक कळशी समोर यायची. तिच्यातलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, एक गोळी टाकायची, हलवायचं. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी. ते गुलाबी झालं की मी हसायची म्हणे. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. बायका मला गुलाबी ताई म्हणायला लागल्या. विज्ञानाचा सन्मान झाला असं मी समजले.

अकरा महिन्यांनी माझा आकडा होता चौऱ्याण्णव टक्के. संचालक इतके खूश झाले की मोठ्या परिषदेत हा तक्ता मीच मांडायचा असं ठरलं. पडद्यावर तो कसा दिसेल, हे मी आरशासमोर हातवारे करून पाहिलंही.

फक्त दवाखान्यातली सिस्टर म्हणत होती की खाटा भरलेल्याच आहेत. मी तिला समजावलं की दवाखाना सुधारला म्हणून लोक जास्त येतात, आधी घरीच राहायचे. रोग वाढलेला नाही, नोंद वाढली आहे. आकृती काढून दिली. तिने आकृती उलटसुलट करून पाहिली आणि पाचव्या मुलाला हिच्यावर निजवू का, असं विचारलं. लोकांना आकडेवारी समजत नाही, याचं मला वाईट वाटलं.

मग एका मंगळवारी मी माझी पाण्याची बाटली जीपमध्ये विसरले. उकळलेलं, गाळलेलं पाणी मी नेहमी बरोबर न्यायची. स्वतःच्या आकड्यांवर माझा एवढा विश्वास होता की अकरा महिन्यांत वस्तीतल्या पाण्याचा एक घोट मी घेतला नव्हता.

सतराव्या घरी एक मावशी आपल्या सुनेबरोबर राहायच्या. त्यांच्या कळशीतलं पाणी मस्त गडद गुलाबी झालं. मी नोंद केली आणि घसा कोरडा पडला होता म्हणून त्याच कळशीत पेला बुडवायला गेले. मावशींनी माझं मनगट धरलं.

"अगं पोरी, ते नको पिऊस. ते तपासायचं पाणी आहे."

सुनेने आतल्या माठातलं पाणी आणून दिलं. मी ते न पिता नळीत ओतलं, गोळी टाकली. पाणी बिनरंगाचंच राहिलं. पहिल्यांदा मी गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत तपासली. मग डबीतली दुसरी गोळी टाकली. माणूस किती चिवट असतो.

मावशींनी न लाजता सगळं सांगितलं. औषधाच्या पाण्याला वास येतो, मुलं थुंकून टाकतात. म्हणून प्यायला साधं पाणी. मंगळवारी सकाळी मात्र सगळ्या आळीत एकेक कळशी औषध घालून भरायची. सून तर खटका दोनदा दाबायची, उगाच कमी नको पडायला.

"पण का?" मी विचारलं.

"पहिल्या महिन्यात पाणी गुलाबी नाही झालं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. इतक्या लांबून येतेस, दारातून हिरमुसली कशाला पाठवायची?"

म्हणजे माझ्या तक्त्यातली नापास सहा टक्के घरंच काय ती खरी होती. तिथे लोक कळशी भरायला विसरले होते.

गुरुवारी मी न सांगता गेले. साठही घरी प्यायला पाणी मागितलं आणि तेच तपासलं. "आज मंगळवार नाही ना?" एका घरी सासू सुनेला दबक्या आवाजात विचारत होती. साठांतली अकरा घरं पास झाली.

इथे मी लगेच सत्याची कास धरली असं लिहायला मला आवडलं असतं. प्रत्यक्षात शुक्रवारचा अख्खा दिवस मी अशी पद्धत शोधत होते, जिच्यात साठांतले अकरा जरा बरे दिसतील. चार पद्धती करून पाहिल्या. संध्याकाळी संचालकांना सांगितलं. ते म्हणाले, सोमवारी देणगीदारांची समिती येते आहे, परिषदेचं तुमचं तिकीटही निघालंय, आणि एवढ्या उशिरा हे शहाणपण कुठून सुचलं? गुरुवारची घरं जरा बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी बघू. त्यांचं बोलणं मला क्षणभर अगदी वाजवी वाटलं. पुढच्या वर्षी खाटा नसत्या, एवढीच त्यात खोट होती.

सोमवारी मी समितीला दोन्ही आकडे दिले. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"मग अकरा महिने तुम्ही नेमकं मोजलंत काय?"

"लोकांचा चांगुलपणा," मी म्हणाले. "तो चौऱ्याण्णव टक्के आहे."

कुणी हसलं नाही. तासाभराने त्यांनी खाटा हलवण्याचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला. परिषदेचं माझं भाषण रद्द झालं, ते संचालकांनी न सांगताच कळलं.

मी तशीच दवाखान्यात गेले. चार खाटांवर सहा मुलं होती. सिस्टर एका दोन वर्षांच्या मुलीच्या हाताला सुई लावत होती आणि सलाइनचे स्टँड संपले होते. तिने वर न बघता बाटली माझ्या हातात दिली. खाटा राहिल्या, मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "हात जरा वर धरा मॅडम, थेंब थांबलेत."

मी हात वर केला.