उजव्या बाजूची पदकं

माझ्या छातीवरची पदकं बघून मोहनराव भर मांडवात हसला, ती गोष्ट सांगायची हाय. पण आधी माझा गाढवपणा सांगते. मालक म्हणायचे, चूक झाली असंल तर पैल्या वाक्यात सांगावी, रिपोर्ट लांबवू न्हाई. तर चूक ही, की मी न वाचता कागदावर सही केली. चौथी शिकलेली बाई मी, लखलखीत वाचता येतंय मला, तरी केली.

मालक म्हंजी माझे नवरे, कॅप्टन रामहरी. सिरसाळ्याच्या पलीकडं आमचं गाव. तिथून सतराव्या वर्षी घरात न सांगता खडकीला पळून गेलते, सुरुंगवाल्या पलटणीत. पूल बांधायचे, पूल उडवायचे, खडक फोडून पाणी काढायचं, असलं काम. शिपाई म्हणून गेले आन अठ्ठावीस वर्षांनी कॅप्टन होऊन आले. येताना तांब्याच्या डबीत चार पदकं. एक काश्मीरचं, एक पासष्टचं, एक एकाहत्तरचं, आन चौथं सेना मेडल.

त्या चौथ्याचं सांगते. पासष्टला पंजाबात एका पुलाला ह्यांनी सुरुंग लावले. बाकीचे उडाले, एक फुसका गेला, पूल अर्धा उभा. हाताखाली पंधरा जवान व्हते, ह्यांनी एकालाबी पाठवलं न्हाई. ज्यानं सुरुंग भरला त्यानंच परत उतरायचं, हा त्यांचा नियम. गोळ्या चालू असताना पोटावर सरपटत गेले, नवी वात लावली आन पूल पाडला. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली. मी रडले तर म्हणले, आठ हायेत की अजून, भाकर मोडायला बास झाली.

बाहत्तरला घरी आले तर गावात दुष्काळ. प्यायला पाणी न्हाई, जनावरांचे सांगाडे पांदीत पडलेले. ह्यांनी धनगरवस्तीच्या अंगाला जागा हेरली, मामलेदाराला भेटून दुष्काळी कामातून विहीर मंजूर करून घेतली. चाळीस फुटांवर काळा खडक लागला. एक दिवस एक सुरुंग उडलाच न्हाई. मुकादम वस्तीवरच्या सटवाला म्हणला, उतर बे खाली, बघून ये. सटवा तवा विशीतला, चार दिसांपूर्वी त्याला लेकरू झालतं. मालकांनी त्याचा दंड धरून मागं ओढला. भरला मी हाय, म्हणले. अर्धा तास थांबले आन स्वतः पायऱ्या उतरून गेले. मी काठावर बसून देवाला लई शिव्या दिल्या. पुढच्याच बाराला झरा फुटला.

मंग ह्यांनी सहकारी पाणी संस्था काढली. पैला नियम स्वतःच्या हातानं लिहिला: आधी माणसाची घागर, मंग जनावर, मंग पीक, आन या पाण्याला कुलूप लागणार न्हाई. बारा-तेरा वर्षं ते चाललं. चौऱ्याऐंशीला मालक गेले. त्यांच्या जागी सभासद म्हणून माझं नाव लागलं.

मोहनराव संस्थेचा चेअरमन झाला तोवर आमच्याकडं ऊस आलता. सत्याऐंशीला परत पाऊस गेला. गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला, आमची तेवढी जिती. एक दिवस मोहनराव शाल-नारळ घेऊन दारात. वहिनी, कॅप्टनसाहेबांच्या पदकांचा सत्कार करायचाय, विहिरीवर त्यांच्या नावाची पाटी लावायचीय. कागद पुढं केला. वर ठळक अक्षरात 'कै. कॅप्टन रामहरी' लिहिलेलं. ते नाव बघितलं आन माझे डोळे भरून आले. खालचं काय वाचणार, कपाळ माझं! सही ठोकली.

आठ दिवसांनी सटवाची बायको कडूबाई रिकामी घागर घेऊन आली. दारात उभी राहिली, आत येईना. विहिरीवर लोखंडी जाळी बसवलीय, म्हणाली, जाळीला कुलूप घातलंय. संस्थेच्या माणसानं सांगितलं, पाणी आता फकस्त सभासदांच्या उसाला, कॅप्टनीणबाईंची सहीच हाय त्याच्यावर. सटवानं बिऱ्हाड बांधायला घेतलतं, मेंढरं हाकून गोदेकडं जायचं म्हणत व्हता. वाटेत निम्मी मरतील, लेकरांचं काय व्हईल कुणाला ठावं.

"कावून केलं वो बाई तुमी?" तिनं विचारलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला धरणी पोटात घेईना. परवा विहिरीवर पाण्याच्या नव्या मोटारीच्या पूजेचा कार्यक्रम हाय, तोवर थांबा, एवढंच तिला म्हणले आन माझ्या माठातलं पाणी तिच्या घागरीत ओतलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मोहनरावाचा निरोप आला: पदकं ताटात घालून पाठवा, पूजेत मांडायचीत, तुमी मागं बायकांत बसा, पूजेला सवाशिणी लागतात. असं व्हय! मेलेल्या माणसाची पदकं चालतात, त्याची रांड नको. माझं डोकं सणकलं. पांढरं लुगडं नेसले, डबी उघडली, चारी पदकांची पट्टी काढली आन उजव्या छातीवर लावली. मालकांनी खडकीच्या परेडीत बघितलेलं मला सांगितलतं, शिपायाच्या मागं राहिलेली बाई पदकं उजवीकडं लावती.

मांडवात शिरले तर सगळ्या माना वळल्या. विधवा बाई, छातीवर रंगीत फिती, आन सरळ पुढं चाललेली. तालुक्याचे साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. मोहनराव हसला.

"वहिनी, डावीकडं लावतेत मेडल. उलटं लावलंत."

"डावी बाजू ज्यानं कमावलं त्याची," मी म्हणले. "उजवी त्याच्या मागं राहिलेल्याची. तुमी कुठल्याच बाजूला न्हाई, म्हणून तुमाला ठावं न्हाई."

मी सगळ्यांना सांगितलं, सही माझीच हाय, न वाचता केली, चूक माझी. कॅप्टनचा नियम मी मोडला, मीच जोडणार. पूजेसाठी जाळी उघडली व्हती, किल्ली हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलेली. ती उचलून मुठीत धरली आन पायऱ्या उतरायला लागले. कुणीतरी ओरडलं, बाई जीव देतीय. जीव कशाला देऊ, माझं अडलंय व्हय? शेवटच्या पायरीवर मोटारीच्या पाइपाला टेकून बसले, पाय घोट्याएवढे पाण्यात.

आमच्याकडं एक रीत हाय, आन ती लेकराला पण ठावी असती. विहिरीत माणूस असताना मोटार चालू करत न्हाईत. करंट उतरला तर माणूस जाग्यावर जातंय. मोहनराव वरून वायरमन बंकटला म्हणला, दाब बटन, आपोआप येती वर. बंकट मोहनरावाच्याच भावकीतला, त्यानंच कामाला लावलेला. म्हटलं आता काय खरं न्हाई. पण बंकटनं फ्यूज काढला, काठावरून मला दाखवला आन खिशात घातला.

"खाली माणूस हाय, मालक," तो म्हणला. "मी न्हाई दाबणार."

मंग सटवा उतरला. माझ्या वरच्या पायरीला बसला. त्याच्यामागं कडूबाई घागर घेऊन, तिच्यामागं वस्तीवरच्या साऱ्या बायका. पायरीपायरीवर बाई उभी. घागरी माझ्यापाशी येत व्हत्या, भरून हातोहात वर जात व्हत्या. दुपार कलली, साहेब जेवायला निघून गेले, मांडवातला भोंगा बंद पडला. माझं कंबरडं मोडलतं, पण मला इतकं बरं मालक गेल्यापासून वाटलं नव्हतं.

शेवटी मोहनराव काठावर आला. वर या वहिनी, म्हणला, कागद फाडतो मी. मी म्हणले, आधी मोठ्यानं वाचा. त्यानं वाचला. ऐकून सभासद एकमेकांची तोंडं बघाया लागले. त्यातल्या निम्म्यांनी माझ्यासारखीच न वाचता सही केलती. म्हातारे राधाकिशन सावकाश म्हणले, कॅप्टनचा नियम व्हता तसाच राहू द्या. कुणी न्हाई म्हणलं न्हाई.

"आता कागद खाली आणून द्या," मी म्हणले.

"गडी पाठवतो."

"गडी नको. ज्यानं भरला त्यानंच उतरायचं."

उतरला. परीटघडीचं धोतर दोन्ही हातांनी वर धरून, शेवाळावर पाय तोलत, बायकांच्या रांगेतून वाट मागत. माझ्या हातात कागद दिला. मी बारीक तुकडे केले आन पदराच्या गाठीत बांधले. पिण्याच्या पाण्यात घाण टाकायला मी काय मोहनराव न्हाई.

संध्याकाळी सटवानं जाळी उपटून बाभळीखाली टाकली. किल्ली माझ्या मुठीतच राहिलती, हाताला वळ उठला व्हता तिचा. लुगड्याला लावलेली पिन काढली, किल्ली तिच्यात ओवली आन छातीवर डाव्या बाजूला लावली. तशीच चालत घरी गेले, भर गावातून.